मागची दोन चाके

भोरच्या शेजारचे उत्रोली हे आमचे गाव. नोकरीच्या निमित्ताने मी निरनिराळ्या शाळांतून मराठी शिकविले, अखेरची काही वर्षे मुख्याध्यापकाचे काम केले आणि निवृत्त झाल्यावर पुन्हा आमच्या जुन्या घराच्या पडवीत येऊन बसलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा नातू पुण्याहून आमच्याकडे येतो. गेल्या खेपेला तो यायच्या आधीच मी त्याच्यासाठी पुस्तकांची एक चळत काढून ठेवली होती. एक दिवस गोष्टी, एक दिवस चरित्र, एक दिवस कविता, असा माझा बेत होता.

नातू आला तो एक भलामोठा डबा घेऊन. हातपाय धुऊन झाले, आजीने केलेला लाडू तोंडात गेला, आणि लगेच डब्याचे झाकण निघाले. शहाबादी फरशीवर प्लॅस्टिकच्या विटा, पट्ट्या, दांडे आणि दंतचक्रे यांचा ढीग पडला. माझी पुस्तके कोनाड्यात होती तशीच राहिली.

"काय करणार आहेस बाळ?" मी विचारले.

"जीप करणार आहे, आबा. पण पुस्तिकेत दिलेली नाही. माझी स्वतःची."

खरे सांगायचे तर मला ते फारसे आवडले नाही. आम्ही लहान असताना ज्वारीच्या चिपाडांची बैलगाडी करीत असू. चिपाड सोलून त्याचा भेंड काढायचा आणि बाभळीच्या काट्यांनी सांधे जुळवायचे, की गाडी तयार. एका पैचाही खर्च नाही. त्या मानाने हे विकतचे, चकचकीत खेळणे मला अगदी परके वाटले. पण तो इतका तल्लीन झाला होता, की मी चष्मा पुसून शेजारी बसलो. एकदा बसलो तो तीन दिवस तेथून हललो नाही म्हणा ना!

या विटांची कुळकथा त्यानेच मला सांगितली. डेन्मार्क देशात बिलुंड नावाचे गाव आहे. तेथील ओले किर्क ख्रिश्चनसेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला. 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांपासून त्याने आपल्या खेळण्यांना 'लेगो' हे नाव दिले. आज आपण पाहतो त्या विटेच्या रचनेची नोंद १९५८ साली झाली. वर गोल बटणे आणि आत पोकळ नळ्या, अशी ती वीट. बटण नळीशी घट्ट बसते, पण ओढले की सुटते. मापात जराही फरक नसल्याने १९५८ ची वीट आजच्या विटेवरही नेमकी बसते. पुढे १९७७ साली याच कारखान्याने दंतचक्रे, दांडे आणि भोकांच्या पट्ट्या असलेला संच काढला. त्यात मोटारीचा एक सांगाडा होता. त्याचे स्टिअरिंग फिरविले की पुढची चाके वळत, आणि गाडी ढकलली की इंजिनातील दट्टे खालीवर होत.

नातवाला नेमके हेच हवे होते. पण त्याची जीप वीतभरच लांब व्हायला हवी होती. तेवढ्यात स्टिअरिंग चालले पाहिजे, इंजिनाचे दट्टे हलले पाहिजेत आणि दारेही उघडली पाहिजेत, अशी त्याची प्रतिज्ञा होती.

"मोठी कर की! विटा पुष्कळ आहेत," मी म्हणालो.

"मोठी कुणीही करील आबा. मोठ्या गाडीत काहीही मावतं."

या उत्तराने मी चमकलो. हे तर मी वर्गात वृत्ते शिकविताना सांगत असे! भुजंगप्रयात वृत्ताच्या एका चरणात बारा अक्षरे. तेरावे अक्षर घालण्याची सोय नाही. सांगायचे ते त्या बारांतच बसवायचे, आणि तेही लघु-गुरूंचा क्रम न मोडता. जागा अपुरी असली म्हणजेच शब्दाची पारख होते. विटांचेही तसेच आहे. दोन बटणांमधील अंतर ८ मिलिमीटर. प्रत्येक वस्तू या ८ च्या हिशेबात बसली पाहिजे. साडेतीन बटणांची जागा मागून चालत नाही.

दंतचक्रांचा हिशेब तर मला फारच गोड वाटला. त्याच्याजवळ ८, १६ आणि २४ दात्यांची चक्रे होती. वाहनाच्या मागच्या आसाची गती इंजिनाच्या दट्ट्यांपर्यंत न्यायची होती. प्रथम त्याने आसाकडे ८ दात्यांचे आणि इंजिनाकडे २४ दात्यांचे चक्र लावले. आसाचे तीन फेरे झाले तेव्हा इंजिनाचा एक फेरा झाला. दट्टे म्हाताऱ्या माणसासारखे कुंथत हलू लागले. मग त्याने चक्रांची अदलाबदल केली. आता आसाच्या एका फेऱ्यात इंजिनाचे तीन फेरे! दट्टे धावू लागले, पण गाडी इतकी जड झाली की चाके न फिरता फरशीवरून घसरू लागली. वेग मिळाला तो जोर खर्चून मिळाला होता. शेवटी त्याने १६ दात्यांची दोन चक्रे घेतली. त्यासाठी सांगाडा मोडावा लागला नाही, कारण ८ आणि २४ मिळून ३२, तसेच १६ आणि १६ मिळूनही ३२. दोन्ही जोड्यांना दोन बटणांचेच अंतर लागते. साध्या बेरजेने एवढे श्रम वाचविलेले पाहून माझ्यासारख्या मराठीच्या शिक्षकालाही गणिताविषयी प्रेम वाटू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप उभी राहिली. स्टिअरिंगचा दांडा इंजिनाला अडू नये म्हणून त्याने तो उजव्या बाजूला घेतला होता. दांड्याच्या टोकाचे लहान चक्र दात्यांच्या एका पट्टीवर फिरे, पट्टी डावीउजवीकडे सरके आणि तिच्याबरोबर पुढची चाके वळत. सरळ ढकलली तेव्हा जीप झोकात चालली. मात्र वळण घेताना ती कुरकुर करू लागली. पुढची चाके डावीकडे वळलेली, आणि गाडी मात्र हट्टी बैलासारखी सरळच जाऊ पाहते! मागचे एक चाक फरशीवर घासत होते.

स्टिअरिंग बिघडले असेल असे समजून त्याने ते दोनदा उसकटले आणि दोनदा बसविले. व्यर्थ! तिन्हीसांजेला तो जीप पुढ्यात घेऊन गप्प बसला. डोळे भरून आले होते. पण तो रडला नाही. मला काही सुचेना. आयुष्यभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणारा मी, तेथे अगदी कोरा होतो.

आणि त्याच क्षणी मला एका मुलाची आठवण झाली. तिच्यापासून मी पुष्कळ वर्षे तोंड चुकवीत आलो होतो.

ही गोष्ट १९९४ सालची. मी तेव्हा एका शाळेत सातवीला मराठी शिकवीत होतो. मागच्या बाकाखालून खर्रखर्र असा आवाज आला. जाऊन पाहतो तो एका मुलाच्या हातात चिपाडांची मोटार. चाके जुन्या चपलेच्या रबराची, आस सायकलच्या तारेचा. मधे शिवणयंत्राच्या दोऱ्याचे रिकामे रीळ होते आणि त्याला गुंडाळलेला दोरा पुढच्या चाकांपर्यंत गेला होता. मी ती मोटार काढून घेतली, वर्गाला उंच करून दाखविली आणि म्हणालो, "हे आमचे मोठे कारखानदार! यांना शाळेची काय गरज?" सारा वर्ग खो खो हसला. मोटार मी कपाटात ठेवली. मे महिन्यात कपाट झाडताना ती केरात गेली. त्या मुलाने ती कधी परत मागितली नाही, आणि मीही कधी विचारले नाही, की रे बाबा, रीळ फिरविले म्हणजे चाके वळत होती का?

काही वर्षांनी मी विद्यार्थ्यांची सहल पुण्याला नेली होती. तेथे आयुका या संस्थेच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका नावाचे मुलांचे विज्ञानकेंद्र आहे. अरविंद गुप्ता यांची खेळणी आम्ही तेथे पाहिली. कानपूरच्या आय.आय.टी.मधून १९७५ साली इंजिनिअर झालेल्या या गृहस्थांनी पुण्यातील टेल्कोच्या मालमोटारींच्या कारखान्यात नोकरी केली आणि पुढे मुलांसाठी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याला आपले आयुष्य वाहिले. २०१८ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, एवढ्यावर ते भूमिती शिकवितात. चार काड्यांचा चौकोन डगमगतो आणि तीन काड्यांचा त्रिकोण घट्ट उभा राहतो, हे तेथे माझ्या विद्यार्थ्यांनी आपल्या हातांनी करून पाहिले. मी कौतुकाने टाळ्या वाजविल्या, आणि वाजविता वाजविता हात थांबले. अशीच एक वस्तू मी केरात टाकली होती.

तो मुलगा आता चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. भोरच्या रस्त्यावर त्याचे गॅरेज आहे. मला पाहिले की तो हात पुसून नमस्कार करतो, आणि मी "काय रे, बरा आहेस ना?" असे विचारून घाईने पुढे जातो. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळ होताच नातवाचा हात धरून मी निघालो. जीप त्याने एका पिशवीत घेतली होती.

"या सर! आज इकडं कसं येणं केलं?" असे म्हणून त्याने आमच्यासाठी बाकडे पुसले. नातवाने जीप त्याच्या हातात दिली. त्याने ती ढकलून पाहिली, उलटी करून पाहिली आणि तो हसला.

"स्टिअरिंगचं काही चुकलेलं नाही बाळ. दुखणं मागं आहे. तुझी मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की आहेत. सर, शाळेत कवायतीची रांग वळताना काय होतं?"

प्रश्न आता तो विचारीत होता आणि उत्तर मी देत होतो. मी म्हणालो, "आतल्या बाजूचा मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्या टोकाचा लांब ढांगा टाकतो."

"तेच चाकांचं. बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतं."

नातवाने लगेच कागद घेतला. खऱ्या गाडीच्या दोन चाकांत १.४ मीटर अंतर धरले, तर अर्ध्या वळशात बाहेरच्या चाकाला २२/७ × १.४, म्हणजे ४.४ मीटर अधिक जावे लागते. वळण लहान असो की मोठे, हा फरक तेवढाच राहतो. त्याच्या जीपच्या चाकांत १० बटणांचे, म्हणजे ८ सेंटिमीटर अंतर होते. तेथे हा फरक सुमारे २५ सेंटिमीटर आला. ४ सेंटिमीटर व्यासाच्या त्याच्या चाकाचे हे दोन फेरे होतात. एक चाक दोन फेरे अधिक मागत होते, आणि दांडा म्हणत होता, "मुळीच नाही, दोघांनी बरोबरच फिरायचे!" म्हणून चाक घासत होते.

"मग बैलगाडीचं चाक कसं घासत नाही?" मी विचारले.

"बैलगाडीचा आस फिरतच नाही सर. चाकं त्याच्यावर सुटी फिरतात, ज्याची त्याची. बैल पुढून ओढतात, म्हणून ते जमतं. मोटारीत इंजिनाला चाकंच फिरवावी लागतात. फिरवायची तर दोन्ही, आणि तरी ज्याची त्याची मोकळीक ठेवायची. ही खरी गंमत आहे. बघा."

गॅरेजात एक जुनी जीप मागून उचलून ठोकळ्यांवर ठेवली होती. ती गिअरमध्ये टाकून त्याने नातवाला मागचे एक चाक पुढे फिरवायला सांगितले. नातवाने जोर लावला, आणि काय आश्चर्य! दुसऱ्या बाजूचे चाक आपण होऊन मागे फिरू लागले. नातू जागच्या जागी उडीच मारू लागला.

या युक्तीला डिफरन्शियल म्हणतात. पेट्रोलवरच्या मोटारी निघण्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच फ्रान्समध्ये ती शोधून काढली गेली. मागचा आस मधोमध तोडून त्याचे दोन अर्धे दांडे करतात. प्रत्येक दांड्याच्या आतल्या टोकाला एक दंतचक्र असते, आणि या दोघांच्या मध्ये लहान दंतचक्रे एका पेटीत बसविलेली असतात. इंजिन फिरविते ती ही पेटी. मला ते तराजूच्या उपमेने उमगले. तराजू मधोमध धरून वर उचलला की दोन्ही पारडी सारखीच वर जातात. ही झाली सरळ वाट. पण एक पारडे जितके खाली गेले तितकेच दुसरे वर येते. हे झाले वळण. आतले चाक जेवढे मंदावते तेवढेच बाहेरचे वेग घेते. भोरहून महाडला जाताना वरंध घाटातील प्रत्येक वळणावर गाडीच्या पोटात हा तराजू निमूटपणे हलत असतो, आणि वर बसलेल्या उतारूंना त्याची वार्ताही नसते.

नातू चाकाशी खेळत होता. मी धीर करून म्हणालो, "तुझी एक मोटार मी घेतली होती. आठवते का?"

तो क्षणभर गप्प राहिला. मग पाना फडक्याने पुसत म्हणाला, "आठवते की सर. तिचंही मागचं चाक असंच घासत होतं. म्हणून मी एक चाक तारेवर सैल ठेवलं होतं, आणि निसटू नये म्हणून बाहेरून काटा लावला होता. मग वळायला लागली."

ही मोटार महिनोन् महिने माझ्या कपाटात होती. रिळाचा दोरा तर मी पाहिला होता. पण ते सैल चाक मला दिसलेच नव्हते. सातवीतल्या मुलाने कुणी न शिकविता जे शोधून काढले, ते माझ्या कुलपाखाली धूळ खात पडले होते.

"मी चुकलो रे," मी म्हणालो. नातू ऐकत होता, तरी म्हणालो.

"मोटारीचं काही नाही सर. दुसरी केली मी. पण सगळा वर्ग हसला होता, ते मात्र राहिलं." एवढेच बोलून त्याने पोऱ्याला चहा आणायला पाठविले. तो रागाने बोलला नाही, आणि 'त्यात काय एवढे' असेही म्हणाला नाही. जे खरे होते ते त्याने सांगितले. चहाचा तो पेला मला फार जड वाटला.

घरी आल्यावर नातू पुन्हा कामाला लागला. एक चाक सैल ठेवले असते तरी जीप वळली असती. पण मग एकच चाक इंजिनाला फिरविणार, हे त्याला रुचेना. त्याच्या डब्यात डिफरन्शियलची पेटी होती. अडचण जागेची होती. दोन चाकांच्या मध्ये सातच बटणांची जागा; त्यात पेटी, दोन्हीकडचे आधार आणि पेटीला जोडणारे चक्र बसवायचे. पेटी वर आली की मागचे आसन जाई. आसन ठेवले की सांगाडा कमकुवत होऊन दारे लटकत. अंधार पडेपर्यंत तो मांडीत आणि मोडीत होता. शेवटी त्याने एक उसासा टाकला आणि दोन्ही दारे व मागचे आसन काढून टाकले.

"दारं गेली रे तुझी! आता लोकांना काय दाखवशील?" मी म्हणालो.

"दारं दिसतात आबा. पण हे चालतं."

चौथ्या दिवशी सकाळी जीप फरशीवर धावली. दट्टे हलत होते. स्टिअरिंग पूर्ण वळविले तशी ती तुळशीच्या कुंडीभोवती एक सुरेख वर्तुळ काढून आली. तिची कुरकुर थांबली होती. आम्ही दोघे ती घेऊन पुन्हा गॅरेजात गेलो. त्याने जीप हातात घेतली, मागचे एक चाक बोटाने फिरविले. दुसरे चाक उलटे फिरले. "पास!" असे म्हणून त्याने नातवाच्या हातात हात दिला, तेलाने काळा झालेला तो हात नातवाने कितीतरी वेळ धरून ठेवला.

सुट्टी संपली. जाण्याच्या आदल्या दिवशी नातवाने जीप मोडली आणि सारे तुकडे डब्यात नीट वेगवेगळे लावून ठेवले. माझ्या पोटात कालवले. मी म्हणालो, "अरे, एवढी खटपट करून केलेली! ठेवायची होतीस माझ्या कपाटात."

"विटा पुढच्या गाडीला लागतील. आणि आबा, कशी करायची ते मला येतं ना!"

बालमित्रांनो, मी त्या मुलाची मोटार केरात टाकली. पण ती करण्याची विद्या काही माझ्या कपाटात राहिली नव्हती. ती त्याच्या हातात राहिली, आणि त्याच हातांनी आज माझ्या नातवाला वाट दाखविली. एवढा दिलासा मला आहे. पण तो वर्ग हसला होता, ते परत घेता येत नाही. म्हणून आता कोणा मुलाच्या हातात काही हलते-फिरते दिसले, की मी थांबतो, चष्मा सावरतो आणि विचारतो, "हे कसे चालते, मला दाखवशील का?" मग मी खाली बसतो आणि आधी मागची चाके पाहतो.